चुकणारा हेर

रहस्यकथा ही आपण सुशिक्षित मंडळी आगगाडीत वाचतो आणि घरी आल्यावर तिचे नाव काढीत नाही. तथापि ज्या वाङ्मयावर इतक्या लोकांचे प्रेम आहे, त्याचा इतिहासही पाहण्यासारखा असतो. या इतिहासात एक मौजेचे कोडे आहे. कधीही न चुकणाऱ्या हेराचे आपण कौतुक करतो. पण जीव जडतो तो विक्षिप्त, विनोदी आणि प्रसंगी साफ चुकणाऱ्या हेरावर. हे असे का, याचा उलगडा करण्यासाठी आम्ही वाचकांना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात नेऊ इच्छितो.

लंडनच्या पोलिसांत गुन्हेशोधकांची स्वतंत्र शाखा निघाली ती १८४२ साली. आरंभी तिच्यात अवघी ८ माणसे होती. जोनाथन व्हिचर हा त्यांतलाच एक. एका माळ्याचा मुलगा. चार्ल्स डिकन्सने १८५० साली आपल्या साप्ताहिकात या शाखेवर लिहिले, तेव्हा थोड्या बदललेल्या नावाने व्हिचरही त्या लेखात आला. लोकांना या साध्या कपड्यांतल्या पोलिसांचे मोठे कुतूहल वाटे.

पुढे १८६०च्या जूनअखेर विल्टशायरमधील रोड या खेड्यात, एका प्रतिष्ठित कुटुंबातील जेमतेम चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, म्हणून व्हिचरला पाठविण्यात आले. धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांची वही आणि घरातले कपडे यांचा मेळ त्याने घालून पाहिला. मृत मुलाची १६ वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिचा रात्रीचा एक झगा नाहीसा झालेला होता. तेवढ्या पुराव्यावर त्याने तिला पकडले. मुलगी लवकरच सुटली आणि लोक व्हिचरवर तुटून पडले. माळ्याच्या पोराने भल्या घरातल्या मुलीचे कपडे मोजावेत, हाच मुळी त्यांच्या लेखी खुनाच्या खालोखाल मोठा गुन्हा होता! वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टर उडविली. १८६४ साली तो प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाला. आणि १८६५ साली कॉन्स्टन्सने आपण होऊन खुनाची कबुली दिली. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली, आणि २० वर्षे तिने तुरुंगात काढली. व्हिचरचा तर्क खरा होता. पण तो खरा ठरला तेव्हा व्हिचर पोलिसांत राहिलेला नव्हता.

यानंतर तीनच वर्षांनी, १८६८ साली, विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी डिकन्सच्याच साप्ताहिकातून क्रमशः निघाली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, त्या धामधुमीत एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटलेला देवाचा हिरा यॉर्कशायरमधील एका घरात येतो आणि रातोरात नाहीसा होतो, अशी ही कथा. तपासाला येतो सार्जंट कफ. हाही व्हिचरप्रमाणे कपड्यांची वही मागतो. येथेही एका रात्रीच्या झग्यावर सारे अडलेले असते. पण कॉलिन्सने आपल्या हेराला एक छंद दिला आहे. हा हाडकुळा, उदास चेहऱ्याचा वृद्ध गृहस्थ गुलाबांचा वेडा आहे. चोरीचा तपास बाजूला ठेवून तो घरच्या माळ्याशी गुलाबाच्या कलमांवरून तावातावाने भांडतो.

ही कथा सांगतो घरचा जुना कारभारी बेटरेज. ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही त्याची पोथी. अडचण आली की तो तिचे पान उघडतो आणि कौल घेतो. कफ मालकिणीच्या मुलीवर संशय घेतो, म्हणून बेटरेज त्याच्यावर रागावलेला असतो. पण शोधाची चटक त्यालाही लागते. रागवावे की मागे मागे जावे, हे त्याला कळेनासे होते. वाचकाचीही तीच गत होते. संशयाने विषारी झालेल्या त्या घरात श्वास घेता येतो तो या विनोदामुळे.

आणि कफ चुकतो. मुलगी निर्दोष असते. पुढे निवृत्त झालेला कफ पुन्हा येतो, आपली चूक मान्य करतो आणि खऱ्या चोराचा माग काढण्यास हातभार लावतो. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले.

आता हे दोघे शेजारी उभे करून पाहावे. व्हिचर बरोबर होता, त्याची हेटाळणी झाली. कफ चुकला, तो लाडका झाला. चुका मान्य करणारा माणूस आपल्याला जवळचा वाटतो हे खरेच. पण आमच्या मते एवढ्याने भागत नाही. कफच्या चुकीने वाचकाला एक दिलासाही दिला. भल्या घरची मुलगी गुन्हेगार नसतेच, ही त्याची समजूत शाबूत राहिली. हेराच्या चुकीवर आपण हसतो, त्या हसण्यात थोडी सुटकाही असते.

१८८७ साली शेरलॉक होम्स अवतरला आणि पुष्कळ काळ जवळजवळ अचूक हेरांचे राज्य चालले. त्याला कंटाळून ई. सी. बेंटली या विनोदी पत्रकाराने १९१३ साली ‘ट्रेंट्स लास्ट केस’ लिहिली. तिचा नायक फिलिप ट्रेंट चित्रकार आहे. तो खून झालेल्या धनिकाच्या विधवेच्या प्रेमात पडतो, पुरावे सुरेख जमवितो आणि निष्कर्ष मात्र चुकीचा काढतो. हेरकथेची थट्टा म्हणून लिहिलेले हे पुस्तक हेरकथेचाच एक मानदंड ठरले. पुढे १९३६ ते १९४९ बेंटली इंग्लंडातील रहस्यकथाकारांच्या ‘डिटेक्शन क्लब’चा अध्यक्ष होता.

म्हणून अशी कादंबरी वाचताना आपण खुशाल हसावे. फक्त पुस्तक मिटल्यावर एवढे मनाशी तपासावे की, आपल्याला न रुचणारे सत्य सांगायला एखादा रुक्ष, बिनविनोदी माणूस दारात येऊन उभा राहिला, तर आपण त्याला कफसारखे वागवू की व्हिचरसारखे?