लार्ड ते डालडा

डालड्याचे मूळ शोधत गेले की वाट अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात पोचते. एकोणिसाव्या शतकात तिथे डुकराच्या मांसाचा इतका मोठा व्यापार चाले की शहराला ‘पोर्कोपोलिस’ असेच नाव पडले. मांसाबरोबर चरबीही ढिगाने निघे. तिचे बारीक तुकडे थोड्या पाण्यात घालून मंद आचेवर ठेवत. पाणी आटले आणि तुकडे तांबूस झाले की ते गाळून घेत. गाळलेले थिजून पांढरेशुभ्र लार्ड तयार होई. तळणाला तेच आणि पायच्या पारीला मोहनही त्याचेच. मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीचे लार्ड सर्वांत उंची मानत.

याच शहरात १८३७ मध्ये मेणबत्त्या करणारा प्रॉक्टर आणि साबण करणारा गॅम्बल भागीदार झाले. दोघांनाही चरबी लागे. पुढे लार्डला स्वयंपाकघरातून हटवले ते त्यांच्याच कंपनीने. निकेलच्या मदतीने तेलाला हायड्रोजन देऊन ते घट्ट करण्याची रीत विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधली होती. ती वापरून कंपनीने १९११ मध्ये सरकीच्या तेलाचे ‘क्रिस्को’ बाजारात आणले. ते वनस्पतिजन्य, शुद्ध आणि पचायला हलके असल्याची जाहिरात झाली, सोबत पाककृतींची पुस्तकेही वाटली गेली.

आपल्याकडे हीच रीत तुपाची जागा घ्यायला आली. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप बनू लागले आणि १९३७ मध्ये डालडा आला.

तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते. १९९० मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिले, की त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटतेही. म्हणजे लार्डहून निरोगी म्हणून खपवलेली वस्तू हृदयाला अधिक घातक होती. भारतात खाद्यतेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडले.

म्हणून लार्ड निर्दोष ठरत नाही. त्यात सुमारे ४० टक्के संपृक्त स्निग्धांश असतात. तुपात ६० टक्क्यांच्या वर. दोन्हींच्या जागी करडई, सोयाबीनसारखी द्रव तेले वापरली तर कोलेस्टेरॉल उतरते. मात्र ‘वनस्पतिजन्य’ एवढ्याच शब्दावर विसंबू नका. बिस्किटे, खारी, फरसाण घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचा. तिथे ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ दिसले, तर ते पाकीट परत ठेवा.