दूरचित्रवाणीवरील निवडणूक वादविवाद

दूरचित्रवाणीवरील निवडणूक वादविवाद म्हणजे एकाच पदासाठी निवडणूक लढविणाऱ्या उमेदवारांनी ठरलेल्या नियमांनुसार एका मंचावर समोरासमोर केलेली व दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेली चर्चा होय. अशा चर्चेत कोण सरस ठरला हे सांगणारा अधिकृत परीक्षक नसतो. तो निर्णय मतदार करतात. मतदाराचा मूळचा पक्षीय कल, उमेदवाराचे पडद्यावरील दर्शन, चर्चेतील एखादी ठळक चूक आणि चर्चेनंतर वृत्तमाध्यमांतून व परिचितांत होणारी चिकित्सा यांतून हा निर्णय घडतो. भारतात अशा वादविवादाची परंपरा रुजलेली नाही. त्यामुळे मुंबई उपनगरातील चारकोपसारख्या मतदारसंघात मतदाराला उमेदवारांची तुलना अन्य साधनांनी करावी लागते.

इतिहास

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांच्यातील पहिला दूरचित्रवाणी वादविवाद २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे झाला. तो सुमारे सात कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. त्यानंतर १९७६ पर्यंत तेथे अध्यक्षीय वादविवाद झाले नाहीत. ब्रिटनमध्ये पक्षनेत्यांचा पहिला दूरचित्रवाणी वादविवाद १५ एप्रिल २०१० रोजी झाला.

मूल्यमापनाचे घटक

मूळचा कल : बहुतेक प्रेक्षक आपल्या पसंतीचा उमेदवारच सरस ठरला असे मानतात, हे वादविवादांच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे. ज्यांचे मत पक्के झालेले नाही व ज्यांना उमेदवाराची फारशी माहिती नाही, अशा मतदारांवर चर्चेचा प्रभाव तुलनेने अधिक पडतो.

दर्शन : १९६०च्या वादविवादापूर्वी निक्सन आजारातून नुकतेच उठले होते व पडद्यावर ते थकलेले दिसले. नभोवाणीवर चर्चा ऐकणाऱ्यांना निक्सन, तर दूरचित्रवाणीवर ती पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले, असे पुढे सर्वत्र सांगितले जाऊ लागले. या समजुतीचा आधार असलेल्या पाहणीत नभोवाणी श्रोत्यांची संख्या अल्प होती, असा आक्षेप १९८७ मध्ये डेव्हिड व्हॅन्सिल व स्यू पेंडेल या अभ्यासकांनी घेतला. जेम्स ड्रकमन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र त्याच चर्चेचे चित्रमुद्रण पाहणाऱ्यांनी, केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांच्या तुलनेत, उमेदवारांच्या व्यक्तिमत्त्वाला अधिक महत्त्व दिल्याचे दिसून आले.

चूक व नंतरची चिकित्सा : ६ ऑक्टोबर १९७६ रोजीच्या वादविवादात अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपावर सोव्हिएत संघाचे वर्चस्व नाही, अशा आशयाचे विधान केले. चर्चा संपताच विचारणा झालेल्या प्रेक्षकांपैकी थोड्यांनीच ही चूक मानली. वृत्तमाध्यमांनी तिची चिकित्सा केल्यानंतर, दुसऱ्या दिवशी विचारलेल्यांपैकी बहुसंख्यांनी जिमी कार्टर सरस ठरल्याचे सांगितले. चर्चेचा निकाल चर्चेनंतरच्या काही तासांत बदलू शकतो, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

मतदानावरील परिणाम

वादविवादातील सरशीचे रूपांतर जागांत होतेच असे नाही. ब्रिटनमधील २०१०च्या पहिल्या वादविवादानंतर लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांची लोकप्रियता झपाट्याने वाढली. परंतु ६ मे रोजीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ५७ जागा मिळाल्या. २००५ मध्ये त्या ६२ होत्या. तेथील मतदार पंतप्रधानाला थेट मत देत नाही. तो आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी निवडतो आणि सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी होतो. भारतातील लोकसभा व विधानसभा निवडणुकांची पद्धतही अशीच आहे.

भारतातील स्थिती

निवडणूक आयोगाच्या १९९८च्या योजनेनुसार मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन व आकाशवाणीवर प्रचारासाठी विनामूल्य वेळ मिळतो. हा वेळ पक्षांना दिला जातो, मतदारसंघातील उमेदवारांना नाही. लोकसभा निवडणुकीच्या काळात मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे आवाहन केले. गांधी यांनी ते स्वीकारले. मात्र चर्चा झाली नाही. मराठी वृत्तवाहिन्यांवरील ‘आजचा सवाल’, ‘माझा विशेष’ यांसारख्या कार्यक्रमांनी चर्चेची सवय रुजविली. तथापि त्यांत प्रामुख्याने पक्षप्रवक्ते, पत्रकार व विश्लेषक भाग घेतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मतदानक्षेत्रात दूरचित्रवाणीवरून निवडणूकविषयक प्रचार दाखविण्यास मनाई आहे.

चारकोप मतदारसंघ

कांदिवली पश्चिमेतील चारकोपची आजची वस्ती मुख्यत्वे जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात राबविलेल्या भूखंड व सेवा योजनेतून वाढली. चारकोप विधानसभा मतदारसंघ (क्रमांक १६१) २००८च्या पुनर्रचनेत निर्माण झाला असून तो मुंबई उत्तर लोकसभा मतदारसंघात मोडतो. २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारही विधानसभा निवडणुकांत येथून भारतीय जनता पक्षाचे योगेश सागर निवडून आले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या मतदानापूर्वी राज्यातील दोन्ही प्रमुख आघाड्यांनी मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार जाहीर केला नव्हता. त्यामुळे राज्यपातळीवर तशा दोन उमेदवारांच्या वादविवादाला आधारच उरला नाही.

पडद्यावरील ओळख मतदानात निर्णायक ठरतेच असे नाही, हे मुंबई उत्तरच्या इतिहासावरून दिसते. २००४ मध्ये येथे अभिनेते गोविंदा यांनी तत्कालीन केंद्रीय मंत्री राम नाईक यांचा पराभव केला. २०१९ मध्ये अभिनेत्री उर्मिला मातोंडकर यांना गोपाळ शेट्टी यांच्याकडून पराभव पत्करावा लागला.

पर्यायी साधने

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपले शिक्षण, मालमत्ता, देणी व फौजदारी प्रकरणे शपथपत्रात जाहीर करावी लागतात. मुंबईतील आमदारांची विधिमंडळातील उपस्थिती, त्यांनी विचारलेले प्रश्न व त्यांच्याविषयीचे नागरिकांचे मत यांवर आधारित प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन प्रसिद्ध करते. शपथपत्रातून उमेदवाराची पार्श्वभूमी कळते व प्रगतिपुस्तकातून निवडून आलेल्याचे काम कळते. प्रथमच उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे असे प्रगतिपुस्तक नसते, तसेच पाणी, पुनर्विकास वा वाहतूक यांविषयी प्रतिस्पर्ध्याच्या प्रश्नाला तो काय उत्तर देईल हेही या साधनांतून कळत नाही. समोरासमोरच्या चर्चेची उपयुक्तता प्रामुख्याने या ठिकाणी असते.