ब्राझीलच्या झेंड्यावरचं ‘प्रेम’ कुठे गेलं?

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या पेठांपासून गोव्यातल्या वाड्यांपर्यंत पिवळ्या जर्सी दिसायला लागतात. ब्राझील! त्यांचा झेंडाही आपल्या ओळखीचा. हिरवा रंग, त्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखा पिवळा आकार आणि मध्ये निळा गोल.

आता कुणालाही विचारा, हिरवा म्हणजे काय? जंगल. पिवळा? सोनं. ब्राझीलमधली शाळकरी मुलंही हेच सांगतील. पण हा अर्थ नंतर चिकटलेला आहे. मूळ गोष्ट एका लग्नाची आहे.

१८२२ साली ब्राझील पोर्तुगालपासून वेगळा झाला, आणि गंमत म्हणजे सम्राट झाला तो पोर्तुगालचाच राजपुत्र, पेद्रो. त्याचं घराणं ब्रागांझा. हे नाव गोव्यात आडनाव म्हणून तुम्ही ऐकलं असेल, कारण गोव्यावरही तेव्हा याच घराण्याचं राज्य होतं. या घराण्याचा रंग हिरवा. पेद्रोची बायको लिओपोल्डिना ऑस्ट्रियाच्या सम्राटाची मुलगी, तिच्या घराण्याचा रंग पिवळा. झाला झेंडा तयार! मध्ये होतं राजचिन्ह.

आता थेट १८८९ मध्ये येऊ. १५ नोव्हेंबरला लष्कराने पेद्रोचा मुलगा, दुसरा पेद्रो, याला गादीवरून उतरवलं. प्रजासत्ताक आलं. मग नवा झेंडा हवा. पहिला प्रयत्न म्हणजे हिरवे-पिवळे पट्टे आणि कोपऱ्यात तारे, चक्क अमेरिकेची कॉपी. तो टिकला फक्त चार दिवस. १९ नोव्हेंबरला आजचा झेंडा आला. राजा गेला, पण राजघराण्यांचे रंग तसेच राहिले! लोकांना ते आपले वाटत होते. अर्थ तेवढा बदलला.

राजचिन्हाच्या जागी आलं आकाश. १५ नोव्हेंबरच्या सकाळचं, रिओ दि जानेरोवरचं. त्यात आपल्या ओळखीचे तारे आहेत बरं का: व्याध, अगस्त्य, चित्रा, ज्येष्ठा. प्रत्येक तारा एका राज्याचा. सुरुवातीला २१ होते, आज २७ आहेत. २६ राज्यं आणि राजधानीचा एक.

आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवर दोन शब्द: सुव्यवस्था आणि प्रगती. हे आले फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कोंत याच्याकडून. झेंडा आखणारे तैशैरा मेंदिस आणि मिगेल लेमुस हे त्याचे कट्टर अनुयायी. पण कोंतचं सूत्र तीन शब्दांचं होतं. प्रेम हे तत्त्व, सुव्यवस्था हा पाया, प्रगती हे ध्येय. झेंड्यावर पाया आला, ध्येय आलं. प्रेम राहून गेलं.

एका शब्दाने काय फरक पडतो, असं वाटेल. पण तेव्हाचा देश बघा. ब्राझीलने गुलामगिरी संपवली १८८८ साली, म्हणजे या झेंड्याच्या फक्त दीड वर्ष आधी. लाखो माणसं कागदावर मोकळी झाली, पण त्यांना ना जमीन मिळाली, ना भरपाई. त्यांच्यासाठी ‘सुव्यवस्था’ म्हणजे काय? जे जिथे आहे ते तिथेच राहो, एवढंच ना? पुढे १९६४ ते १९८५ अशी २१ वर्षं लष्कराने राज्य केलं, तेव्हाही झेंड्यावर हेच दोन शब्द होते.

म्हणूनच तो गाळलेला शब्द परत लिहा, अशी मागणी ब्राझीलमध्ये अधूनमधून होत असते. अजून तरी तो आलेला नाही.

तेव्हा पुढच्या मॅचला तो झेंडा फडकताना दिसला, की शेजारच्या मित्राला विचारा, हिरवा रंग कशाचा? तो जंगल म्हणाला, तर त्याला लग्नाची गोष्ट सांगा. आणि मग त्या पांढऱ्या पट्टीवर काय लिहिलेलं नाही, तेही सांगा.

चला, भेटू पुढच्या भागात!