पाच रोपांची हकीकत

मागच्या हिवाळ्यात वाईहून स्ट्रॉबेरीचे एक रोप आणून कुंडीत लावले होते. फळे खाऊन संपली आणि उन्हाळ्यात त्या रोपाला दोऱ्यासारख्या लांब फांद्या फुटू लागल्या. बागाईतदार त्यांना 'रनर' म्हणतात. फांदीच्या दर दुसऱ्या पेरावर एक चिमुकले रोप धरते, ते ओल्या मातीला टेकले की मुळे सोडते, आणि मग फांदी कापली की नवे रोप वेगळे. केळीच्या बुडख्याला पिल्ले येतात तसाच हा प्रकार. मी मात्र पहिली फांदी मुळे धरण्याआधीच कापली आणि पिल्लू सुकवले. त्या चुकीमुळे चार पुस्तके चाळली, त्यात ही हकीकत सापडली.

१७१२ साली अमेदे फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच इंजिनियर चिली देशात उतरला. वेष व्यापाऱ्याचा, काम स्पॅनिश लोकांच्या किल्ल्यांचे नकाशे काढण्याचे, म्हणजे सरळ हेरगिरीचे! त्याला तिथे अक्रोडाएवढी, क्वचित कोंबडीच्या अंड्याएवढी स्ट्रॉबेरी दिसली. युरोपातल्या रानातली त्यापुढे बोरासारखी. तिथले मूळ रहिवासी ती पिढ्यान्‌पिढ्या शेतात लावीत आले होते. गंमत म्हणजे फ्रेझिए हे आडनावच स्ट्रॉबेरीच्या फ्रेंच नावावरून आलेले.

परतीच्या प्रवासाला सहा महिने लागले. जहाजावर गोडे पाणी मोजून मिळे. त्यातले पाजून त्याने पाच रोपे जगवली आणि १७१४ साली मार्सेय बंदरात उतरवली. पाणी देऊ दिले म्हणून त्यांतली दोन मालावरच्या अधिकाऱ्याला द्यावी लागली. एक पॅरिसच्या राजाच्या बागेत गेले, एक वरिष्ठांना दिले, एक स्वतःला ठेवले.

रोपे फोफावली. रनर फुटले, एकाची अनेक झाली आणि बागोबाग पोचली. फुले येत, फळ धरत नसे. माळ्यांनी माती बदलली, जागा बदलली; उपयोग शून्य.

कारण पपईवरून आपल्याला चटकन कळेल. चिलीच्या स्ट्रॉबेरीत नर आणि मादी रोपे वेगळी असतात. फ्रेझिएने मोठी फळे पाहून रोपे निवडली, तेव्हा ती सगळी मादीच निघाली. रनरने वाढलेले रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. बी पेरले असते तर काही नर निघाले असते. रनरमधून एकही निघणे शक्य नव्हते. हजार लेकी झाल्या तरी पराग कोण देणार?

ब्रिटनीतल्या प्लुगास्तेलच्या शेतकऱ्यांना वाट सापडली. त्यांनी या ओळींशेजारी दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी लावली आणि तिच्या परागावर फळे लगडली. तिकडे व्हर्सायला अंतवान निकोला द्युशेन या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने असेच पराग देऊन धरलेली फळे १७६४ साली राजाला कुंडीसकट नजर केली. दोन वर्षांनी त्याने ग्रंथ लिहिला आणि बागांत नव्याने दिसू लागलेली अननसाच्या वासाची स्ट्रॉबेरी ही चिलीची आणि उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची संतती आहे, असे सांगितले. आजची बागेतली स्ट्रॉबेरी याच वंशातली.

इंग्रजांच्या काळात ती महाबळेश्वरी आली आणि २०१० साली तिथल्या फळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथले बागाईतदार आजही बी पेरीत नाहीत. परदेशातून मातृरोपे मागवून त्यांच्या रनरवर लागवडीची रोपे तयार करतात. आईला रोग असेल तर तोही लेकींत उतरतो, म्हणून मातृरोप पारखून घ्यावे लागते. नराची चिंता मात्र उरलेली नाही. एकाच फुलात दोन्ही असते.

यंदा मी फांदी कापली नाही. शेजारी मातीची दुसरी कुंडी ठेवून पिल्लू तारेच्या आकड्याने दाबून धरले. महिन्याभराने हलवून पाहिले, जागचे हलेना, तेव्हाच कात्री लावली. तीन रोपे झाली आहेत. एक शेजारच्या वहिनींनी आधीच सांगून ठेवले आहे.