घरपोच मालाची दीडशे वर्षे

दुकान न पाहता, दुकानदाराला न भेटता माल मागवायचा आणि तो दारात आल्यावर पैसे मोजायचे, ही सोय भारतात इंटरनेटच्या शंभरहून अधिक वर्षे आधी आली. टपालखात्याने १८७७ मध्ये ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत सुरू केली. लोकांच्या तोंडी ती ‘व्ही. पी.’ झाली आणि पुढच्या तीन-चार पिढ्यांच्या खरेदीत मुरली. आजच्या मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून होणाऱ्या खरेदीचे फायदे आणि तोटे, दोन्हींची मुळे बऱ्याच अंशी या जुन्या पद्धतीत सापडतात.

व्ही. पी.ची रीत साधी होती. विक्रेता पार्सल टपालकचेरीत देई आणि किती रक्कम वसूल करायची ते लिहून देई. पार्सल ग्राहकाच्या गावच्या किंवा जवळच्या कचेरीत पोहोचे. ग्राहकाने किंमत आणि टपालहशील भरले की ते त्याच्या हवाली होई. याला ‘व्ही. पी. सोडवणे’ म्हणत. जमा झालेले पैसे मनीऑर्डरने विक्रेत्याकडे जात. मनीऑर्डरचे काम पूर्वी सरकारी खजिन्यांमार्फत चाले, ते १८८० मध्ये टपालखात्याकडे आले. मग माल पोहोचवणारे आणि पैसा परत आणणारे खाते एकच झाले. ठरावीक मुदतीत कोणी व्ही. पी. सोडवली नाही, तर पार्सल परत जाई आणि टपालाचा खर्च विक्रेत्याच्या माथी बसे.

या पद्धतीमागे दोन गोष्टी उभ्या होत्या. पहिली रेल्वे. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावलेली गाडी पुढच्या काही दशकांत देशभर पसरली आणि पार्सलाचे ओझे बैलगाडीवरून डब्यात गेले. दुसरी छापील जाहिरात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी वृत्तपत्रांच्या आणि मासिकांच्या पानांवर पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे यांच्या जाहिराती दिसू लागल्या आणि त्यांच्या शेवटी ‘व्ही. पी.ने पाठवू, टपालहशील निराळे’ अशा अर्थाची ओळ असे. ज्या गावात पुस्तकाचे दुकान नव्हते तिथल्या शिक्षकाला पुण्या-मुंबईतून पुस्तक मागवता येऊ लागले. मराठी वाचनसंस्कृतीच्या इतिहासात छापखान्यांना मिळतो तेवढाच मान या पार्सलांनाही मिळायला हवा. पुस्तक छापले जाणे आणि ते तालुक्याच्या पलीकडे पोहोचणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम टपालाने केले.

तोटेही लगेच दिसले. पैसे भरल्याखेरीज पार्सल उघडता येत नसे. आत जाहिरातीतली वस्तू आहे की निकृष्ट नग, हे सोडवणाऱ्याला नंतर कळे. न मागवलेला मालही काही जण पाठवून देत, आणि घरातल्या कोणीतरी तो चुकून सोडवला की पैसे गेले. याचा बंदोबस्त कायद्याने करावा लागला. १८९८ च्या टपाल कायद्याखाली विक्रेत्याकडून ‘खरोखर आलेल्या मागणीनुसारच हा माल पाठवत आहे’ असे लिहून घेण्याची तरतूद होती. फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून ठेवून ग्राहकाला परत देण्याचे नियम करण्याचा अधिकारही त्या कायद्याने सरकारला दिला. परताव्याची हमी ही अलीकडची कल्पना आहे असा समज असेल, तर तो या जुन्या कलमापाशी सोडून द्यावा लागतो.

उलट बाजूने विक्रेतेही पोळत. ग्राहकाचा विचार बदले, हंगाम खराब जाई, हातात रोकड नसे, आणि व्ही. पी. परत येई. नियतकालिकांना याचा फटका जास्त बसे, कारण वार्षिक वर्गणी वसूल करण्यासाठी अंक व्ही. पी.ने धाडण्याची चाल होती. कागद, छपाई आणि वर टपालखर्च असा तिहेरी तोटा छोट्या मासिकाला झेपत नसे.

तरीही व्ही. पी. टिकली, याचे कारण तिच्या मध्यस्थात होते. टपालखात्याला मालाच्या विक्रीत कसलाही रस नव्हता. ते काही बनवत नव्हते, कोणाचा माल वर आणि कोणाचा खाली दाखवत नव्हते, आणि त्याचे हशील सर्वांना सारखे होते. खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांवर विश्वास ठेवत नसत. दोघेही पोस्टमनवर ठेवत. पुढच्या सगळ्या बदलांत या तिऱ्हाइताचे काय झाले, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

अमेरिकेत याच काळात वेगळी वाट घडली. शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये एका कागदावर छापलेल्या दरपत्रकाने टपालविक्री सुरू केली आणि काही वर्षांतच माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याचे वचन दिले. त्यानंतर आलेल्या सीअर्स, रोबक आणि कंपनीचा कॅटलॉग शेतकऱ्यांच्या घराघरात पोहोचला. १९०८ पासून १९४० पर्यंत तिने संपूर्ण घराचे सुटे भागही विकले. सरकारने १८९६ मध्ये खेडोपाडी मोफत टपालवाटप आणि १९१३ मध्ये पार्सल टपाल सुरू केले, तेव्हा गावच्या दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. तिथे प्रामुख्याने पैसे आधी जात आणि माल नंतर येई. विश्वास कंपनीच्या नावावर बसलेला असे. भारतात माल आधी आणि पैसे नंतर, आणि विश्वास सरकारी खात्यावर. सीअर्सने आपला मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला. पुढच्याच वर्षी जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनची स्थापना केली आणि १९९५ मध्ये ती पुस्तके विकू लागली.

भारतात ऑनलाइन दुकान यायच्या आधी त्याचा एक पाया टपालखात्यातच घातला गेला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककार म्हणूनही ओळखले जातात. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि अनेक भाषा यांतून पत्र अचूक जावे म्हणून हा क्रमांक आला. देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि नववा लष्करी टपालाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचे क्रमांक ४ ने सुरू होतात. आज कोणत्याही ऑनलाइन विक्रेत्याकडे वस्तू निवडली की ती पोहोचेल की नाही हे ठरवणारा पहिला प्रश्न पिन कोडचाच असतो. सरकारी खर्चाने उभे राहिलेले हे गावागावाचे वर्गीकरण खाजगी व्यापाराला आयते मिळाले.

सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. १९९९ मध्ये बंगळूरला फॅबमार्ट हे ऑनलाइन दुकान उघडले. ते पुढे इंडियाप्लाझा झाले आणि २०१३ मध्ये बंद पडले. त्या काळात क्रेडिट कार्ड थोड्यांकडे होते, आणि ज्यांच्याकडे होते तेही त्याचा क्रमांक संगणकात भरायला धजत नसत. न पाहिलेल्या मालासाठी आधी पैसे देणे इथल्या सवयीत बसत नव्हते.

ही गाठ सुटली ती जुन्याच उपायाने. ॲमेझॉनमध्ये काम केलेल्या सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये बंगळूरमध्ये फ्लिपकार्ट सुरू केली. सुरुवात पुस्तकांनी झाली. पुस्तकाला माप लागत नाही, ते नासत नाही आणि शहरातली प्रत गावातल्या प्रतीसारखीच असते, त्यामुळे न पाहता घेण्याला ते सर्वांत योग्य. २०१० मध्ये कंपनीने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणले आणि ग्राहकांचा ओघ वाढला. व्ही. पी. सोडवण्याची सवय असलेल्या देशाला ही रीत परकी वाटली नाही. जुनी अडचणही सोबत आली: दारातून परत जाणारी पार्सले. या धंद्यात त्यांना ‘आरटीओ’ म्हणतात आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाच्या संपादकाप्रमाणेच आजचा छोटा विक्रेता त्यांनी हैराण असतो.

बदलला तो मध्यस्थ. टपालखाते फक्त ने-आण आणि वसुली करत होते. मोठ्या ऑनलाइन कंपनीकडे मांडणी, शोध, साठवण, वाहतूक, वसुली आणि तक्रारीचा निवाडा एवढी सगळी कामे एका छताखाली आली. फायद्याचे मूळ यातच आहे. निवड अफाट वाढली, भावांची तुलना क्षणात होऊ लागली, मालाचा ठावठिकाणा तासातासाला कळू लागला आणि परत करणे सोपे झाले. काही महाग वस्तूंचे पार्सल ग्राहकासमोर उघडून मग ताब्यात देण्याची सोय आली, म्हणजे व्ही. पी.चा बंद डबा अखेर उघडला. अपंग, वृद्ध, लहान मुले सांभाळणारे, आणि दुकान दूर असलेल्या गावांतले लोक यांच्यासाठी हा लाभ मोठा आहे. त्याला चैन म्हणणे अन्यायाचे ठरेल. मराठी पुस्तकांच्या बाबतीत पुण्याच्या बुकगंगासारख्या संकेतस्थळांनी परदेशातल्या वाचकांपर्यंतही पोहोच वाढवली.

तोट्याचे मूळही त्याच एकवटण्यात आहे. जो मांडणी करतो तोच कोणाचा माल आधी दिसेल हे ठरवतो, आणि वरच्या जागेसाठी जाहिरातीचे पैसे घेतो. विक्रेत्याला दलाली, साठवणीचे भाडे आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड सोसावा लागतो. भाव पाडण्याच्या स्पर्धेत त्याचा हात वर नसतो. ग्राहकाला दिसणारे अभिप्राय खरे की विकत घेतलेले, हे ओळखणे अवघड. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टच्या ‘बिग बिलियन डे’ या सवलतीच्या विक्रीत माल झपाट्याने संपला, संकेतस्थळ अडखळले, सवलतीआधी किमती वाढवल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. आणखी एक तोटा गल्लीतल्या दुकानाच्या बाजूने आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे महिनाअखेरपर्यंत खाते चालते, ओळखीवर माल बदलून मिळतो. ही पत त्या घरापुरती आणि त्या गल्लीपुरती असते, आणि दुकान बंद झाले की ती दुसरीकडे नेता येत नाही.

मालकीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. परकीय भांडवल असलेल्या कंपनीला स्वतःचा साठा करून थेट ग्राहकाला विकण्याची भारतात मुभा नाही. तिने फक्त बाजारपेठ चालवावी, असा नियम आहे. ॲमेझॉन जून २०१३ मध्ये याच अटीवर आली आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एका विक्रेत्याचा वाटा २५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अटींनी कंपनीचे भांडवल असलेल्या विक्रेत्यांना तिच्याच बाजारपेठेत विकायला मनाई केली. काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या आरोपांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. बाजार भरवणारा स्वतःच गाळेधारक असेल तर त्याने बाजाराचे नियम ठरवू नयेत, ही यामागची भूमिका सबळ आहे.

महाराष्ट्रात या व्यापाराची सर्वांत ठळक खूण भिवंडी तालुक्यात दिसते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि नाशिक महामार्गालगत असल्याने तिथे गोदामे आधीपासून वाढत होती. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली, पण तोवर भिवंडी गोदामांचे गाव झाली होती, आणि राज्याराज्यांत करासाठी छोटी गोदामे ठेवण्याची गरज उरली नसल्याने मोठ्या गोदामांना आणखी बळ मिळाले. यंत्रमागांच्या या तालुक्यात माल वेगळा करणे, बांधणे आणि चढवणे हा रोजगार झाला. तो तुटपुंजा आणि हंगामी आहे, सणासुदीला वाढतो. दारात माल आणणारा तरुण बहुधा कंपनीचा नोकर नसतो. पोस्टमनला पगार, रजा आणि निवृत्तिवेतन होते. या तरुणाच्या हिशेबात फेऱ्या आणि पार्सले असतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ कामगाराची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली.

भाषेच्या बाबतीत मराठी ग्राहकाला बरीच वाट पाहावी लागली. ॲमेझॉनच्या ॲपवर मराठी २०२१ मध्ये आली. त्याआधी २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने त्यासाठी आंदोलन केले होते. गावच्या टपालकचेरीत ज्या भाषेत व्ही. पी.ची चौकशी करता येत होती, ती भाषा नव्या दुकानाला शिकायला एवढा वेळ लागला, हे मान्य करण्याजोगे नाही.

तक्रारीचा मार्ग मात्र जुन्या काळापेक्षा रुंद झाला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा लावण्याची सोय दिली. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे. मालाचा मूळ देशही दाखवावा. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला आणि ग्राहकांचे पैसे परत देण्यास सांगितले; आपण केवळ मध्यस्थ आहोत, ही सबब तेव्हा प्राधिकरणाने मानली नाही. कंपन्या या आदेशांविरुद्ध न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला नकळत अडकवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार मार्गदर्शक सूचनांनी मना केले. आपोआप टोपलीत येणारी वस्तू आणि शेवटच्या पायरीला वाढणारी किंमत हे त्यांतले दोन.

एकवटलेली कामे पुन्हा सुटी करण्याचा प्रयत्न ‘ओएनडीसी’ या खुल्या जाळ्यातून चालू आहे. त्याची संस्था डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ मध्ये काही शहरांत चाचणी सुरू झाली. ग्राहकाचे ॲप एक, विक्रेत्याचे दुसरे, वाहतूकदार तिसरा, असे त्याचे स्वरूप आहे. टपालखात्याच्या काळातला वेगळेपणा इथे निराळ्या रूपात परत येतो, पण पैसे, माल आणि दोष यांची जबाबदारी तीन ठिकाणी वाटली जाते. म्हणून या जाळ्यात तक्रार ग्राहकाच्या ॲपकडे नोंदवायची आणि त्याने ती विक्रेत्याच्या किंवा वाहतूकदाराच्या बाजूकडे पोहोचवायची, अशी रीत ठरवण्यात आली आहे.