पुसलेल्या फिती आणि छापलेली पाने

गेल्या महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक छोटासा वाद झाला. निमित्त होते एका पुस्तकाचे. फ्लोरा फाउंटनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला रिचर्ड वेबर यांचे 'द कम्प्लीट ए टू झेड ऑफ डॅड्स आर्मी' (२०००) दिसले होते. विक्रेता चारशे रुपये सांगत होता. मी ते चाळून परत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले, घ्यावे का? तेही या मालिकेचे माझ्याइतकेच जुने चाहते. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "अहो, मालिका डोळ्यांनी बघता येते ना? मग तिची जंत्री कशाला विकत घेता? लग्नाचं जेवण समोर असताना निमंत्रणपत्रिका वाचण्यातला प्रकार!" शेजारी एम.ए.ची एक विद्यार्थिनी प्रबंधिकेवर सही घेण्यासाठी थांबली होती. ती म्हणाली, "सर, पण जे भाग आता बघताच येत नाहीत, त्यांचं काय?"

तिचा प्रश्न आमच्या वादापेक्षा मोठा होता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. 'डॅड्स आर्मी' ही बीबीसीची विनोदी मालिका ३१ जुलै १९६८ रोजी सुरू झाली आणि १३ नोव्हेंबर १९७७ रोजी संपली. नऊ पर्वे, ऐंशी भाग. लेखक दोघे, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. मे १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये नागरिकांचे जे संरक्षक दल उभारले गेले, त्याला पुढे 'होम गार्ड' हे नाव मिळाले. सैन्यात जाण्याचे वय उलटून गेलेले किंवा अद्याप न आलेले पुरुष त्यात असत. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक किनारी गावातली अशीच एक तुकडी हा मालिकेचा विषय. बँकेचा व्यवस्थापक मेनवेअरिंग तिचा कॅप्टन, त्याच्याच बँकेतला हाताखालचा विल्सन सार्जंट. गंमत अशी की हुद्द्याने वरचा असलेला मेनवेअरिंग साध्या मध्यमवर्गातून धडपडत वर आलेला, तर हाताखालचा विल्सन खानदानी, उंची शाळेत शिकलेला. मालिकेतला अर्धाअधिक विनोद या उलट्या उतरंडीतून जन्मतो.

अशा लोकप्रिय मालिकांवर जी पुस्तके निघतात, त्यांना इंग्रजीत 'कम्पॅनियन' म्हणतात. आपण त्यांना सोबतीची पुस्तके म्हणू. वरवर पाहता ती एकाच जातीची वाटतात, परंतु बारकाईने पाहिले तर त्यांत किमान चार प्रकार सापडतात, आणि 'घ्यावे की नाही' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकारासाठी निराळे आहे.

पहिला प्रकार आठवणींचा. मालिकेत हवाई हल्ल्यांच्या सूचना देणारा कटकट्या वॉर्डन हॉजेस साकारणारे बिल पर्टवी यांनी १९८९ साली 'डॅड्स आर्मी: द मेकिंग ऑफ अ टेलिव्हिजन लेजंड' हे पुस्तक लिहिले. दुसरा प्रकार कोशाचा. वेबर यांचे उपरोक्त पुस्तक त्यातले. तिसरा प्रकार इतिहासाचा. ग्रॅहम मॅककॅन यांचे २००१ चे पुस्तक या वर्गात मोडते. चौथा प्रकार संहितांचा. पेरी आणि क्रॉफ्ट यांच्या नावावर १९९८ साली प्रसिद्ध झालेले 'डॅड्स आर्मी: द लॉस्ट एपिसोड्स' हे त्याचे उदाहरण. या शेवटच्या शीर्षकातला 'लॉस्ट' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला आहे आणि त्यात तथ्य आहे. घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वी एकदा प्रक्षेपित झालेला भाग पुन्हा कधी दिसेल याची शाश्वती नसे. त्या काळात भागांची यादी, कथानकांचे सारांश, कोणत्या भागात कोण पाहुणा नट होता याची नोंद, ही चाहत्याची स्मरणशक्तीच होती. आता तो सारांश वाचण्याच्या वेळात मूळ भागाची सुरुवात पाहून होते. सारांशात विनोदाचा विषय कळतो. विनोद कळत नाही. मेनवेअरिंग काहीतरी मूर्खपणाचा हुकूम देतो आणि विल्सन क्षणभर थांबून, अत्यंत सौम्य आवाजात, हे शहाणपणाचे ठरेल का असे विचारतो. त्यातले 'क्षणभर थांबणे' हे जॉन ल मेझुरिए यांचे आहे आणि त्यानंतरची चडफड आर्थर लो यांची. ही दोन्ही कोणत्याही कोशात सापडणार नाहीत.

परंतु पडद्यावर दिसते ते सर्व आपल्याला कळतेच असेही नाही. एकच उदाहरण देतो. मालिकेचे शीर्षकगीत ऐकणाऱ्या बहुतेकांना ते युद्धकाळातले जुने गाणे वाटते. मलाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. प्रत्यक्षात ते मालिकेसाठीच नव्याने रचलेले आहे. शब्द पेरी यांचे, चाल पेरी आणि डेरेक टॅव्हर्नर यांची. गायला मात्र युद्धकाळातले खरेखुरे लोकप्रिय कलावंत बड फ्लॅनगन यांना बोलावले, आणि मालिका सुरू झाल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९६८ मध्ये, ते वारले. म्हणजे जो आवाज ऐकून आपल्याला १९४० आठवते तो खरा, आणि गाणे मात्र बेमालूम नक्कल. पेरी यांनी मालिकेला प्रथम 'द फायटिंग टायगर्स' असे नाव दिले होते. काळा बाजार करणाऱ्या वॉकरची भूमिका त्यांना स्वतःलाच करायची होती. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते स्वतः होम गार्डमध्ये होते. या गोष्टी पडद्यावर कुठेही लिहिलेल्या नाहीत. चांगले सोबतीचे पुस्तक त्या सांगते.

याच वाटेने चाहता एका अनपेक्षित ठिकाणी येऊन पोहोचतो. महायुद्धाच्या अखेरच्या काळात पेरी तोफखान्यात होते आणि त्यांची नेमणूक भारतात, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला झाली होती. तिथल्या सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करणाऱ्या पथकात ते काम करीत. या अनुभवावर पेरी-क्रॉफ्ट जोडीने 'इट एन्ट हाफ हॉट मम' (१९७४-८१) ही दुसरी मालिका लिहिली. तिची सुरुवातच देवळालीच्या छावणीत होते, चित्रीकरण मात्र इंग्लंडात. तीत एका गोऱ्या नटाने चेहरा रंगवून भारतीय नोकराचे काम केले होते. पुढे त्यावर आणि एकूण चित्रणावर कठोर टीका झाली, आणि ती योग्यच होती. देवळालीच्या नावावरूनच इंग्रजीत वेड्यासाठी 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला. एका हलक्याफुलक्या इंग्रजी मालिकेचा धागा आपल्या नाशिक जिल्ह्यापर्यंत येतो, हे मला मालिका पाहून कधीच कळले नसते.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ.

'डॅड्स आर्मी'चे दुसरे पर्व मार्च-एप्रिल १९६९ मध्ये प्रक्षेपित झाले. त्यात सहा भाग होते. पुढे बीबीसीच्या संग्रहात त्यांतला एकच उरला. बाकीचे पाच पुसले गेले होते. यामागे कुणाचे वैर नव्हते, तो केवळ हिशेब होता. तेव्हाची दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग असे आणि तीच पुसून पुन्हा वापरता येई. कलावंतांशी केलेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा पुन्हा दाखवायचा यावर मर्यादा होती. घरगुती विक्रीचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. शिवाय काळ्या-पांढऱ्या रंगातले कार्यक्रम रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कोण पाहणार, असा समज होता. फिती सर्रास पुसण्याची ही पद्धत १९७८ च्या सुमारास थांबली. २००१ साली पाचांपैकी दोन भाग फिल्मच्या जुन्या डब्यांत सापडले. उरलेले तीन, 'द लोनलीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स वॉकर', 'अ स्ट्राइप फॉर फ्रेझर' आणि 'अंडर फायर', सापडले नाहीत.

यांतला पहिला भाग वॉकरवर आहे. त्याला सैन्यात भरतीचा हुकूम येतो आणि आपला चोरटा पुरवठादार हातचा जाऊ नये म्हणून अख्खी तुकडी धडपडते. वॉकरची भूमिका करणारे जेम्स बेक १९७३ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मालिका चालू असतानाच वारले. ज्या भागात ते केंद्रस्थानी होते, नेमका तोच भाग नाहीसा झालेला आहे.

हे तीन भाग म्हणून आज आपल्याजवळ काय आहे? 'अ स्ट्राइप फॉर फ्रेझर'चे ध्वनिमुद्रण मिळाले आणि २०१६ मध्ये त्यावर ॲनिमेशन केले गेले. २०१९ मध्ये 'गोल्ड' या वाहिनीने तिन्ही भाग नव्या नटांना घेऊन पुन्हा चित्रित केले. केव्हिन मॅकनॅली यांनी मेनवेअरिंग केला. हे पुनर्निर्माण शक्य झाले ते संहिता शिल्लक होत्या म्हणून. आणि त्या संहिता चाहत्यांच्या हाती १९९८ पासूनच छापील स्वरूपात होत्या. फीत एकाच इमारतीत होती. एका कारकुनी निर्णयाने ती गेली. पुस्तक मात्र असंख्य घरांत गेले. असे पुस्तक पुसायला प्रत्येक घरात जावे लागेल.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा वाटू नये. आपल्या संगीत रंगभूमीचा अभ्यास करताना आपण हेच अनुभवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ची (१८८०) संहिता आपल्याला वाचता येते, पदे म्हणता येतात. पण भाऊराव कोल्हटकरांचे गाणे आपण कधीच ऐकू शकणार नाही. ते १९०१ साली वारले आणि भारतातले पहिले ग्रामोफोन ध्वनिमुद्रण १९०२ साली झाले. संहिता म्हणजे प्रयोग नव्हे, हे आपण वर्गात शिकवतो. पण संहिताही नसती तर काय उरले असते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. वेडावाकडा का होईना, प्रयोगाचा आकार संहितेत टिकतो, आणि पुढच्या पिढीला तो पुन्हा उभा करता येतो.

सोबतीचे पुस्तक याहून पुढचे काहीतरी करू शकते, याचेही एक उदाहरण नोंदवले पाहिजे. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी 'येस मिनिस्टर' (१९८०-८४) या आपल्याच मालिकेवरून पुस्तके लिहिताना संहिता जशीच्या तशी छापली नाही. मंत्री जिम हॅकर यांची रोजनिशी, सचिव सर हम्फ्री यांचे टिपण, सरकारी पत्रे, असा सारा ऐवज भविष्यकाळातल्या संपादकांनी जुळवला आहे, असे रूप त्यांनी दिले. हॅकर आपला पराभव विजय समजून लिहितो आणि लगेच पुढच्या पानावर सर हम्फ्रींच्या कागदातून सत्य बाहेर येते. पडद्यावर जे काम नटाच्या चेहऱ्याने केले, ते इथे दोन दस्तऐवजांतल्या विसंगतीने केले आहे. मालिका न पाहिलेल्या वाचकालाही हे पुस्तक स्वतंत्र विनोदी कादंबरी म्हणून वाचता येते. असे पुस्तक विकत घ्यावे का, हा प्रश्नच उद्भवत नाही.

तेव्हा निष्कर्ष एवढाच. जे पुस्तक पडद्यावरचेच पुन्हा सांगते, ते ग्रंथालयातून आणून चाळावे. जे पडद्यामागचे सांगते, ते परवडले तर घ्यावे. जे पडद्यावरून पुसले गेलेले जपते, ते मात्र अवश्य घ्यावे आणि घरात सांभाळून ठेवावे, कारण अशा वेळी आपण केवळ ग्राहक नसतो, छोटेसे दप्तरखाने असतो. आणि आज सारे काही घरबसल्या दिसते म्हणून निश्चिंत राहू नये. १९६९ सालच्या प्रेक्षकालाही आपण पाहिलेला भाग पुढच्या पिढीला दिसणार नाही, असे वाटले नसेल.

हे सारे मी सहकाऱ्यांना सांगितले. त्यांनी कोशाविषयीचे मत बदलले नाही, संहितांविषयीचे बदलले. "ते 'लॉस्ट एपिसोड्स' कुठे दिसलं तर माझ्यासाठीही एक घ्या," म्हणाले. पुढच्या शनिवारी मी पुन्हा फाउंटनला गेलो. 'ए टू झेड' विकले गेले होते. चुटपुट लागली खरी. पण ते कुणा चाहत्याच्या घरी गेले असेल, तर तक्रार करण्याचे कारण नाही.