वस्तू आणि तिची घोषणा : हुपरीची चांदी व संगणकीय प्रकार-घोषणांचा इतिहास

प्रस्तावना :
कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. येथील दागिना अनेक कारागिरांच्या हातांतून पूर्ण होतो. मूळ चांदीचा टंच उत्तम असला, तरी जोडकामातील डाकामुळे तयार दागिन्याची शुद्धता घटू शकते. त्यामुळे शुद्धतेची ग्वाही कोणी आणि कोणत्या अवस्थेतील वस्तूविषयी द्यावी, हा प्रश्न निर्माण होतो. भारतीय मानक ब्युरोने २००५ मध्ये चांदीसाठी सुरू केलेली हॉलमार्क योजना हे त्याचेच उत्तर होय. परक्याने घडविलेला भाग आपल्या कामात जोडताना उद्भवणारा हा प्रश्न संगणक क्षेत्रातही आढळतो.

घोषणेचे वेगळेपण :
१९९५ मध्ये निर्माण झालेल्या जावास्क्रिप्ट भाषेत चलाचा प्रकार, म्हणजे तो अंक आहे की मजकूर, आधी सांगावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टाइपस्क्रिप्टने प्रकारांची पूर्वतपासणी शक्य केली. परंतु इतरांच्या असंख्य लायब्ररी जावास्क्रिप्टमध्येच होत्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र घोषणा-फायली लिहिणे भाग पडले. बोरिस यांकोव्ह यांनी २०१२ मध्येच सुरू केलेल्या 'डेफिनेटली टाइप्ड' या संग्रहात स्वयंसेवकांनी अशा घोषणा एकत्र केल्या. परिणामी लायब्ररीचा कर्ता एक आणि तिची ग्वाही देणारा दुसरा, अशी स्थिती उद्भवली. घोषणा उपलब्ध नसणे, तिची आवृत्ती लायब्ररीशी न जुळणे अथवा एकाच लायब्ररीच्या दोन घोषणा एकत्र येणे, ही बिल्ड-त्रुटींची प्रमुख कारणे ठरली.

निवारणाचे मार्ग :
सप्टेंबर २०१६ मधील टाइपस्क्रिप्ट २.० पासून या घोषणा एनपीएमवरून स्वतंत्र पॅकेजच्या रूपात घेता येऊ लागल्या. घोषणेच्या आवृत्तीचे पहिले दोन अंक लायब्ररीच्या आवृत्तीशी जुळविण्याचा संकेतही रूढ झाला. घोषणा नसल्यास ती स्वतः लिहिता येते. त्याच आवृत्तीत घोषणा-फायलींची तपासणी वगळण्याची सोयही आली. या सोयीने बिल्ड पूर्ण होते; मात्र चुकीची घोषणा चुकीचीच राहते आणि दोष प्रत्यक्ष वापरात प्रकट होतो.

निष्कर्ष :
तपासणी थांबविल्याने टंच वाढत नाही. त्रुटीचा संदेश दडपण्यापूर्वी वस्तू आणि घोषणा यांची आवृत्ती पडताळणे, तसेच शक्य तेथे कर्त्याने स्वतः लायब्ररीसोबत दिलेली घोषणा वापरणे, हाच विश्वसनीय मार्ग होय. अध्यापनातही विद्यार्थ्यांना या उपायांचा असाच क्रम शिकविणे इष्ट ठरेल.